गिटारचा ॲम्प आता फुकट मिळतो, मग लॅपटॉप स्टेजवर का अडखळतो?

लॅपटॉपवर गिटार वाजवणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ हा महत्त्वाचा महिना होता. १४ तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्याच महिन्यात यामाहाच्या मालकीच्या स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने आपली दोन तंत्रज्ञानं खुली केली. ॲम्प आणि इफेक्टचे प्लगइन ज्यावर बनतात ते व्हीएसटी ३ एमआयटी लायसन्सखाली आलं. विंडोजवर आवाज कमीत कमी वेळात आत-बाहेर नेणारं एएसआयओ जीपीएल ३ खाली वापरायला मिळालं.

म्हणजे एका बातमीने जुना लॅपटॉप भंगाराच्या वाटेला लावला आणि दुसरीने त्याच लॅपटॉपवर काम करणाऱ्यांची वाट मोकळी केली. मग ज्याच्याकडे गिटार आहे, चार-पाच वर्षं जुना लॅपटॉप आहे आणि महिन्याभरावर कॉलेजचा शो आहे, त्याने काय करायचं? नवीन मशीन घ्यायचं, पेडल घ्यायचं की आहे त्यातच भागवायचं? माझं मत आधीच सांगतो: आहे त्यात भागतं, पण पैसे योग्य जागी घातले तरच.

आवाजाचा प्रश्न जवळजवळ सुटलाय

न्यूरल ॲम्प मॉडेलर, म्हणजे नॅम, हा स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी सुरू केलेला मोफत आणि ओपन सोर्स प्रकल्प आहे. खऱ्या ॲम्पमधून एक ठरलेला सिग्नल पाठवायचा, बाहेर आलेला आवाज रेकॉर्ड करायचा आणि दोघांतला फरक न्यूरल नेटवर्कला शिकवायचा, ही त्याची पद्धत. यातून तयार होणाऱ्या फाइलला कॅप्चर म्हणतात. लोकांनी केलेली असंख्य कॅप्चर्स नेटवर फुकट मिळतात.

मर्यादाही आहेत. कॅप्चर म्हणजे त्या ॲम्पचा एका सेटिंगवरचा फोटो. डिले आणि रिव्हर्ब त्यात येत नाहीत, ते वेगळ्या प्लगइनने जोडावे लागतात. कॅप्चर फक्त ॲम्पचं असेल तर स्पीकर कॅबिनेटसाठी इम्पल्स रिस्पॉन्सची फाइलही लावा. नाहीतर पीए सिस्टीमवर आवाज माशी भुणभुणल्यासारखा येतो.

खरा खेळ मिलिसेकंदांचा

लॅपटॉप आवाजावर सलग काम करत नाही. तो छोटे तुकडे गोळा करतो आणि एकेका तुकड्यावर प्रक्रिया करतो. या तुकड्याला बफर म्हणतात. ४८,००० सॅम्पल रेटवर १२८ चा बफर म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद. ५१२ चा बफर म्हणजे १०.७. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, असा हा वेळ दोनदा लागतो. त्यात इंटरफेस आणि ड्रायव्हरची थोडी भर पडते.

हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ॲम्पपासून तीन मीटर लांब उभं राहिलं तर ९ मिलिसेकंदांचा उशीर होतोच, आणि गिटारिस्ट वर्षानुवर्षं तसे वाजवत आलेत. म्हणून १२८ चा बफर स्टेजवर चालून जातो. ५१२ वर मात्र बोट आणि आवाज वेगळे पडल्यासारखे वाटतात.

बफर कमी केला की प्रोसेसरला प्रत्येक तुकडा कमी वेळात संपवावा लागतो. एक जरी तुकडा चुकला तर स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो. अनेकदा दोष प्रोसेसरचा नसतोच. वाय-फायचा ड्रायव्हर मध्येच वेळ खातो. लेटन्सीमॉन हे छोटं सॉफ्टवेअर चालवलं की कोण आडवं येतंय ते दिसतं. लॅपटॉप जुना असेल तर नॅमची ‘लाइट’ किंवा ‘फेदर’ प्रकारची हलकी मॉडेल्स वापरा.

पैसे कुठे घालायचे?

माझा पहिला खर्च ऑडिओ इंटरफेसवर असेल. त्याला गिटारसाठीचा इन्स्ट्रुमेंट इनपुट आणि कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर हवा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात गिटार खुपसून काम होत नाही. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बटण बंद ठेवा, नाहीतर कोरी गिटारही सोबत ऐकू येते.

विंडोज १० चं काय? स्टेजवर तसंही वाय-फाय बंद ठेवायचं असतं. फक्त वाजवण्यासाठी ठेवलेला ऑफलाइन लॅपटॉप १४ ऑक्टोबरनंतरही पूर्वीसारखाच चालतो. त्यावर बँकेचे व्यवहार आणि ईमेल मात्र करू नका. पुढे नवे ड्रायव्हर मिळणं हळूहळू कमी होईल, म्हणून आत्ता नीट चालणाऱ्या इन्स्टॉलरच्या फाइल्स पेनड्राइव्हवर जपून ठेवा.

आणि ॲपच्या दुकानात कितीही गिटार ॲप्स दिसली तरी अँड्रॉइड फोनवर शो करण्याआधी थांबा. आवाजाचा उशीर तिथे मॉडेलनुसार बदलतो. मित्राच्या फोनवर झकास चाललेलं ॲप तुमच्या फोनवर रखडू शकतं.

मांडवातली वीज विसरू नका

आपले बरेच शो जनरेटरवर होतात आणि अर्थिंगचा भरवसा नसतो. चार्जर लावल्यावर गुणगुण सुरू झाली तर ग्राउंड लिफ्ट असलेला डीआय बॉक्स मधे टाका. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, त्यात जीवाला धोका आहे. बॅटरीवर चालवायचं ठरवलं तर आधी घरी तसंच वाजवून बघा, कारण बॅटरीवर अनेक लॅपटॉप स्वतःहून मंद होतात.

शोच्या आधी पूर्ण सेट घरी सलग एक तास वाजवा, पंख्याखाली नाही, उकाड्यात. लॅपटॉप तापला की वेग कमी करतो आणि ‘टक्’ तेव्हाच सुरू होतं. स्लीप, नोटिफिकेशन आणि ऑटो अपडेट बंद करा. शिवाय एखादं साधं ओव्हरड्राइव्ह पेडल आणि जास्तीची केबल जवळ ठेवा. लॅपटॉप अडकला तर गिटार पेडलमधून आणि डीआयमधून थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला गेली पाहिजे. टोन जरा कोरडा येईल, पण गाणं थांबणार नाही.

चांगला आवाज पूर्वी पैशांवर अडायचा, आता तो तयारीवर अडतो. ही तयारी घरबसल्या, जुन्या लॅपटॉपवर आणि एका इंटरफेसच्या खर्चात होते. म्हणून नव्या लॅपटॉपचा ईएमआय सुरू करण्याआधी आहे त्या मशीनची ही एक तासाची परीक्षा घ्या. ती पास झाली तर पैसे वाचले.