औषधासाठी कोर्टात जा, पण एकटे जाऊ नका

आजचे कलम 32 हे संविधानाचा आत्मा आहे, असे बाबासाहेबांनी 9 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत सांगितले. आपण ते प्रत्येक भाषणात ऐकतो. पण औषधासाठी त्या कलमाचा आधार आपल्यापैकी किती जणांनी घेतला?

दक्षिण आफ्रिकेत काय घडले ते पाहा. आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण कमी करणारे नेविरापिन हे औषध कंपनी सरकारला पाच वर्षे फुकट द्यायला तयार होती. तरी सरकारने ते प्रत्येक प्रांतात फक्त दोन केंद्रांपुरते ठेवले. ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही संघटना कोर्टात गेली आणि 5 जुलै 2002 रोजी घटना न्यायालयाने ही बंदी उठवली. या विजयाचे श्रेय लोक वकिलांना देतात. माझ्या मते निम्मे श्रेय वस्तीतल्या वर्गांचे आहे. विषाणू म्हणजे काय, गोळी काय करते, कायदा काय म्हणतो हे तिथे रुग्णच रुग्णांना शिकवत होते. कोर्टात प्रतिज्ञापत्रे देणाऱ्यांत डॉक्टरांबरोबर आयाही होत्या. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा याचा यापेक्षा चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

आता आपल्याकडे या. 2017 साली पाटण्याच्या एका 18 वर्षांच्या टीबीग्रस्त मुलीला बेडाक्विलिनसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. ती दिल्लीची रहिवासी नाही, हे औषध नाकारण्याचे कारण! औषध मिळाले, पण 2018 मध्ये ती गेली. एकट्या बापाने लढलेली केस एकाच मुलीपुरती असते, आणि आजार तारखांची वाट पाहत नाही.

याच औषधाची दुसरी लढाई वेगळी झाली. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघींची श्रवणशक्ती टीबीच्या जुन्या औषधांनी गेली. जॉन्सन अँड जॉन्सनला 2027 पर्यंत मक्तेदारी वाढवून हवी होती. या दोघींनी पेटंट कार्यालयात हरकत घेतली आणि मार्च 2023 मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. त्याचा फायदा कोणा एकीला नाही, स्वस्त औषध हवे असलेल्या सगळ्यांना झाला. सरकारला हे रुचले नसावे, असे मला वाटते. 2024 च्या नियमांनी अशा हरकतीला शुल्क लावले, आणि ती ऐकायची की नाही हे आधी कंट्रोलर ठरवणार.

कोणी म्हणेल, आरोग्य तर कलम 47 मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. खरे आहे. पण 1996 मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी दवाखान्यात वेळेवर उपचार न मिळणे हा कलम 21 चा भंग ठरवला. ती केसही शेतमजुरांच्या संघटनेने लढवली होती.

आपले वकील अत्याचाराच्या केसेस लढतात, त्या लढल्याच पाहिजेत. पण सरकारी दवाखान्यातून मिळणारी 'बाहेरून आणा' ही चिठ्ठी आपण मेडिकलवाल्याला दाखवतो आणि फेकून देतो. ती जपा. औषधाचे नाव, तारीख, बाहेर मोजलेले पैसे वहीत उतरवा, बिल जोडा. एका वस्तीतल्या अशा पन्नास चिठ्ठ्या आधी माहिती अधिकाराच्या अर्जाला लावता येतील, मग याचिकेला.