आधी झाडे मोजा, मग नकाशा काढा

पुणे शहर वाढत आहे आणि यापुढेही वाढणार आहे, याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली. जेथे शेते व आमराया होत्या, तेथे आता बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. जुन्या वस्तीतही एक दुसरे स्थित्यंतर चालू आहे. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर ज्या वसाहती व गृहरचना संस्था उदयास आल्या, त्यांच्या इमारती आता जीर्ण झाल्या असून त्यांच्या पुनर्विकासाचे करार होत आहेत. माणसांना घरे हवीत, आणि ती सुरक्षित हवीत. आमचा प्रश्न इतकाच आहे की, नवे घर बांधताना त्या जागेवर आधीपासून उभ्या असलेल्या झाडाला अडथळा मानावयाचे की शेजारी?

या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिलेले आहे. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम आहे. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, झाडावर नोटीस लावून हरकती मागविण्याची पद्धत ही सारी त्याचीच देणगी. २०२१ च्या दुरुस्तीने तर ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे तत्त्व आणले. पानशेतच्या पुरानंतर नव्या अंगणात ज्या आंब्याचे अथवा कडुनिंबाचे रोप लावले गेले, ते झाड आज साठीच्या घरात आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जो वारसा ठरला, तो नेमका पुनर्विकासाच्या आराखड्यात सापडला आहे!

मग कायदा असूनही झाडे का जातात? आमच्या मते दोष परवानगी मागण्याच्या क्रमात आहे. आधी वास्तुविशारद नकाशा काढतो. तळघरातील वाहनतळ जागेच्या सीमेपर्यंत नेला जातो. अग्निशामक बंबाला वळण्यासाठी मोकळी जागा सोडली जाते. विक्रीच्या सदनिकांचा हिशेब मांडला जातो. हे सर्व ठरल्यावर झाडांची यादी तयार होते आणि वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज जातो. त्या वेळी प्राधिकरणापुढे दोनच मार्ग उरतात: होकार देणे, किंवा शेकडो कुटुंबांची घरे अडविल्याचा ठपका घेणे. अशा स्थितीत होकारच मिळणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. जो विचार पहिल्या पानावर व्हावयास हवा, तो शेवटच्या पानावर केला तर त्याचा निकाल आधीच लागलेला असतो.

यावर दोन तयार उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर पुनर्रोपणाचे. झाड मुळांसकट उचलून दुसरीकडे लावू, असे आश्वासन ऐकावयास बरे वाटते. परंतु दिल्लीचा अनुभव डोळ्यांआड करून चालणार नाही. तेथील वन विभागाने २०२२ साली उच्च न्यायालयास दिलेल्या माहितीनुसार आधीच्या तीन वर्षांत पुनर्रोपण झालेल्या १६,४६१ झाडांपैकी जेमतेम एकतृतीयांश जगली. दुसरे उत्तर भरपाईच्या लागवडीचे. साठ वर्षांच्या चिंचेबद्दल साठ रोपे हा हिशेब कागदावर चोख आहे. पण ती रोपे शहराच्या कडेला लागतात आणि सावली जाते ती भर वस्तीतून. वैशाखाच्या उन्हात त्या चिंचेखाली टेकणाऱ्या भाजीवालीला आणि शाळेतून परतणाऱ्या मुलांना त्या साठ रोपांचा कोणता उपयोग? रोपे अवश्य लावावीत. मात्र ती पुढील पिढीची ठेव आहे, आजच्या झाडाची किंमत नव्हे.

झाड राखणे म्हणजे केवळ खोडावर कुऱ्हाड न चालविणे नव्हे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात व ती फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. ब्रिटनमधील बांधकामविषयक मानकात खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखावयास सांगितले आहे. म्हणजे ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाभोवती सव्वासात मीटरपर्यंत खोदकाम नको, मालमोटार नको, सिमेंटचे पाणी नको. आपल्याकडे झाड वाचविले असे सांगून बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततात आणि दोन पावसाळ्यांनी ते कोसळले की झाडच धोकादायक होते असा निष्कर्ष काढतात! दिल्लीत झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास २०१३ साली द्यावा लागला, यावरून हा रोग किती पसरला आहे याची कल्पना यावी. जी झाडे खरोखरच पोखरलेली आहेत, ती तज्ज्ञांकडून तपासून अवश्य काढावीत. आमचा हट्ट प्रत्येक झाडासाठी नाही; विचार न करता तोडल्या जाणाऱ्या झाडांसाठी आहे.

म्हणून महापालिकेस आमच्या स्पष्ट सूचना आहेत. बांधकामाचा नकाशा दाखल होण्यापूर्वीच जागेवरील प्रत्येक झाडाची जात, घेर व स्थान दाखविणारे मोजणीपत्र सक्तीचे करावे. जुने झाड राखण्यासाठी इमारत थोडी सरकविणाऱ्यास किंवा तळघर आखडते घेणाऱ्यास मोकळ्या अंतराच्या नियमांत, अग्निसुरक्षेस बाध न येता, सवलत द्यावी. काम सुरू होण्याआधी राखलेल्या झाडांभोवती भक्कम कुंपण पडावे. त्यांच्यापोटी अनामत रक्कम घेऊन ती इमारतीचा ताबा दिल्यावर नव्हे, तर झाड जगल्याची खात्री पटल्यावरच परत करावी. यात नवे खाते उघडण्याची गरज नाही. आहे त्या खात्यांनी एकमेकांचे कागद वेळेवर पाहिले तरी पुरे.

परंतु सारा भार महापालिकेवर टाकून नागरिकांना मोकळे होता येणार नाही. पुनर्विकासाच्या करारावर सह्या सभासदांच्याच असतात. वाढीव चौरस फुटांसाठी, वाहनतळासाठी महिनोन्‌महिने घासाघीस करणारे सभासद अंगणातील झाडाविषयी करारात एक ओळ घालावयास विसरतात, तेव्हा विकासकाने ती आठवण ठेवावी ही अपेक्षा भाबडेपणाची आहे. ती ओळ घातली तर कदाचित एखाद्या सदनिकेचे क्षेत्र थोडे घटेल. ती किंमत द्यावयाची की नाही, हे उघडपणे सभेत ठरावे. न ठरताच झाड जाऊ नये.

झाडाची कदर ही परकी शिकवण नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड हवे असतानाही रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने दीर्घकाळ लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असे बजावले आहे. अगदी जीर्ण झालेले झाडच धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावे, असा तो दंडक. राज्याच्या संरक्षणासाठी लागणाऱ्या लाकडाबाबतही जेथे इतका विवेक दाखविला गेला, तेथे चार मोटारींच्या जागेसाठी साठ वर्षांची सावली देऊन टाकणे आपणांस शोभणारे नाही. इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते. झाडाला माणसाचे आयुष्य लागते. म्हणूनच नकाशाच्या कागदावर पहिली रेघ उमटण्यापूर्वी झाडांची मोजणी झाली पाहिजे, असे आमचे निश्चित मत आहे.