खबर चुकली तरी मोबदला द्या

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याहून खेतियाकडे निघालेली गाडी खेडदिगरला पोचली की महाराष्ट्र संपतो. माणसांचा राबता मात्र संपत नाही. खेतिया मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात असले तरी बाजारहाट, सोयरीक, दवाखाना सारे दोन्हीकडे चालते. कापूस वेचायला, ऊस-पपई तोडायला मजूर इकडे येतात. सातपुड्यातली कुटुंबे कोयता घेऊन गुजरातेत जातात आणि होळीला, भोंगऱ्या बाजाराच्या सुमारास घरी परततात. ताप, गोवर आणि जुलाबही याच वाटांनी ये-जा करतात.

त्यांची पहिली चाहूल लागते ती आशाताईला, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेला. एरवी अंगणात हुंदडणारे पोर दोन दिवस दिसले नाही, एकाच झिऱ्याचे पाणी भरणाऱ्या तीन घरांत जुलाब लागले, की ती थबकते. बोटाला सुई टोचून हिवतापाच्या किटवर रक्ताचा थेंब घेते, ओआरएसची पाकिटे देते, पाण्यात टीसीएल (जंतुनाशक पावडर) पडले का हे जलसुरक्षकाला विचारते. हे सारे पावरीत किंवा भिलीत चालते, म्हणून घरातली बाई खरे काय ते सांगते. दवाखान्याच्या रजिस्टरात हे उतरेपर्यंत दोन-चार दिवस गेलेले असतात.

हद्दीवरचा रोग काय करतो, हे नंदुरबार जिल्ह्याने फार पूर्वी पाहिले आहे. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये याच जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांत सापडला आणि हद्दीपलीकडे गुजरातच्या उच्छलपर्यंतही गेला. तेव्हा आरोग्य पथके घरोघर तापाचे रुग्ण शोधत फिरली. माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही. 2021 मध्ये नवापुरात हा रोग पुन्हा आला.

आज साथरोगांची माहिती ऑनलाइन भरली जाते, ही चांगलीच गोष्ट. पण खेडदिगरची नोंद नंदुरबारमार्गे पुण्याला जाते आणि खेतियाची बडवानीमार्गे भोपाळला. एकाच बाजारातून फैलावलेल्या जुलाबाचे चार रुग्ण इकडे आणि पाच तिकडे लिहिले गेले, तर दोन्ही जिल्ह्यांच्या लेखी ती किरकोळ बाब ठरते. नऊचा आकडा कोणाच्याच टेबलावर येत नाही.

दुसरी अडचण पैशाची आहे. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. तरी मानधनासाठी महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावे लागले आणि मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दरमहा 5 हजारांची वाढ मान्य केली. बाकीचा मोबदला कामागणिक. हिवतापाच्या रक्तनमुन्यामागे 15 रुपये हा दर वर्षानुवर्षे चालत आला. क्षयरोगाच्या संशयिताची खबर देणाऱ्याला 500 रुपये आहेत, पण निदान पक्के झाले तरच.

म्हणजे नुसत्या संशयाला फारसा भाव नाही. साथ रोखायची तर सगळी मदार संशयावरच असते. दहा खबरांपैकी नऊ फुसक्या निघाल्या तरी दहावी वेळेत पोचल्यास बाकीचा खर्च वसूल होतो. अग्निशमन दलाचा पगार आगीच्या संख्येवर कोणी ठरवत नाही. इथे मात्र तसेच चालले आहे. खोट्या खबरांचा सुळसुळाट होईल, ही भीती पोकळ आहे. ज्या पाड्यावर रोज जायचे तिथे उगाच घबराट उठवणे कोणत्याही आशाला परवडणारे नाही.

एकत्र येणे शहादा तालुक्याला नवे नाही. 1972 मध्ये आदिवासी मजुरांची श्रमिक संघटना याच भागात उभी राहिली आणि भिल्ल बायकांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या. आता गरज त्याहून साधी आहे. नंदुरबार आणि बडवानीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्याआधी खेडदिगर आणि खेतियाच्या आशांना एका खोलीत बसवावे, एकमेकींचे फोन नंबर द्यावेत, दर आठवड्याला दोन्ही बाजूंचे आकडे एका कागदावर मांडावेत आणि चुकलेल्या खबरेचाही मोबदला द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. दोन सह्या पुरेशा आहेत.