शंभर मैल, एक दिवस

घोड्यांची शर्यत म्हटली की मुंबई किंवा कलकत्त्याचे मैदान आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. दोन-तीन मिनिटांत सारा निकाल लागतो. पण सूर्योदयापूर्वी निघून दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत चालणारी शर्यतही असते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९५५ साली वेंडेल रोबी नावाच्या गृहस्थांनी सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून ऑबर्न गावापर्यंत अशी रपेट प्रथम योजिली. आजचा घोडाही एका दिवसात शंभर मैल जाऊ शकतो, हे त्यांना दाखवायचे होते. ही स्पर्धा आज 'टेव्हिस कप' या नावाने ओळखली जाते.

स्वाराला ईर्षा असते. घोडा मात्र मुका. 'दमलो' असे तो म्हणत नाही, उलट धन्याच्या इशाऱ्यासरशी कोसळेपर्यंत धावतो. म्हणून या खेळात अखेरचा शब्द स्वाराचा नसतो, पशुवैद्याचा असतो.

विश्रांतीच्या वेळी घोड्याच्या नाडीचे ठोके मिनिटास साधारण तीस ते चाळीस पडतात. दौडीनंतर ते कितीतरी वाढतात. तपासणीच्या ठाण्यावर ते ठरावीक मर्यादेत, बहुधा साठ-चौसष्टपर्यंत, उतरावे लागतात. मग वैद्य मानेची कातडी चिमटीत धरून सोडतो. ती चटकन सपाट झाली नाही, तर अंगातील पाणी आटले असे समजावे. हिरडी दाबून तिचा रंग किती वेळात परततो ते पाहतो. पोटाला कान लावतो, कारण आतड्यांचा आवाज बंद होणे हे अशुभ चिन्ह होय. शेवटी घोड्याला दुडक्या चालीने पळवून तो लंगडतो की काय हे पारखले जाते. घोड्याचा घाम माणसाच्या घामाहून खारट असतो. पाण्याबरोबर क्षारही निघून गेल्याने त्याला तहानसुद्धा नीट लागत नाही. तेव्हा 'पाणी दाखवले, त्याने प्यायले नाही' ही सबब स्वाराला पुरत नाही.

या नियमांतील सर्वांत शहाणपणाचा नियम विश्रांतीचा आहे. मुख्य ठाण्यांवर तासभर थांबणे सक्तीचे असते; पण हा तास घोडा पोहोचताच सुरू होत नाही, त्याची नाडी मर्यादेत उतरल्यावर सुरू होतो. धापा टाकणाऱ्या घोड्यावर बसून जो आधी येतो, तो नाडी उतरण्याची वाट पाहत बसतो. मागून सावकाश आलेला, शेवटचा टप्पा पायउतार होऊन चालत आलेला स्वार त्याच्या आधी निघून जातो. उपदेशाने जे साधले नसते, ते घड्याळाने साधले.

मार्गाची आखणीही याच दृष्टीने होते. सुमारे छत्तीस मैलांवर रॉबिन्सन फ्लॅट आणि अडुसष्ट मैलांवर फॉरेस्टहिल अशी तासभर थांबण्याची दोन ठाणी आहेत. त्यांच्यामध्ये खोल, अत्यंत उष्ण दऱ्या आहेत. म्हणजे एक परीक्षा दऱ्यांत उतरण्यापूर्वी, दुसरी त्यांतून वर आल्यावर. दोन्ही ठिकाणी गाडीरस्ता पोहोचतो, त्यामुळे बाद झालेल्या घोड्याला वाहनातून नेता येते. रात्रीच्या वाटेसाठी चांदणे मिळावे, म्हणून शक्यतो पौर्णिमेच्या जवळचा शनिवार निवडतात. एवढे करूनही अनेक वर्षी निघालेल्यांपैकी जेमतेम निम्मेच ऑबर्नला पोहोचतात.

१९७३ साली गॉर्डन एन्स्ले या स्वाराचा घोडा लंगडू लागला आणि त्याला मार्गातच थांबावे लागले. पुढच्या वर्षी हे गृहस्थ घोड्याविनाच आले आणि तीच वाट २३ तास ४२ मिनिटांत स्वतःच्या पायांनी धावले! माणसांच्या शंभर मैल धावण्याच्या प्रसिद्ध शर्यतीचा उगम त्यातूनच झाला.

शेवटची रेषा ओलांडली तरी स्पर्धा संपत नाही. घोडा आणखी पुढे जाण्यास समर्थ आहे असे वैद्याने म्हटले, तरच पल्ला पुरा झाला असे धरतात. १९६४ पासून पहिल्या दहांतील सर्वांत सुस्थितीत असलेल्या घोड्यासाठी 'हॅगिन कप' हा स्वतंत्र मान आहे, आणि जाणते स्वार त्याला पहिल्या क्रमांकाइतकेच मोल देतात.

आपल्याकडे शंभर मैलांच्या शर्यती क्वचितच. पण गाडीला जुंपलेला बैल आणि टांग्याचे घोडे अजून आहेत. त्यांच्या वाटेवर वैद्याचे ठाणे नसते. तेथे नाडी पाहणारा, सावलीत थांबवणारा आणि 'आज पुरे' म्हणणारा एकच माणूस असतो: ज्याच्या हाती कासरा आहे तो.