अकरा महिन्यांचा संसार

झाशीहून मुंबईला नोकरीसाठी जाणारा मराठी मुलगा पूर्वी एकटाच पंजाब मेलमध्ये बसायचा. तिकडे एखाद्या नातेवाइकाकडे नाहीतर कॉट बेसिसवर पडून राहायचा. आता नवरा-बायको दोघंही नोकरीची, दोन मुलं, सोबत आजी असं अख्खं बिऱ्हाड निघतं. त्यांना टू बीएचके लागतो, आणि तो मिळाला तरी अकरा महिन्यांपुरताच. भाडं परवडत नाही ही तक्रार सगळेच करतात. मला त्याहून जास्त खुपतात ते हे अकरा महिने.

माझ्या भाचीचंच बघा. मुलुंडमधला तिचा पहिला करार १ जूनला सुरू झाला, ३० एप्रिलला संपला. दुसरा मार्चअखेर. तिसरा संपणार फेब्रुवारीअखेर, आणि यंदा थोरलीची दहावी. दरवर्षी मुदत एक महिना मागे सरकते आणि नेमकी परीक्षेच्या तोंडावर येते. दलाल पुन्हा महिन्याभराचं भाडं मागतो. मुलगी सराव परीक्षेचे पेपर सोडवत असते आणि आई-बाप घरं बघत हिंडतात. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट हवी, शाळेची बस दारात यायला हवी. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी विचारणार, घरात माणसं किती, खाता काय?

हे अकरा महिने आले कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे सालोसाल चालणारा किंवा एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती नोंदणी चुकवायची ही पळवाट. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग मुदत कितीही असो, असं ठरवून टाकलं. पळवाट बंद झाली, सवय मात्र राहिली.

उलट हिशेब मोठ्या मुदतीच्या बाजूने आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का. शहरात नोंदणी फी हजार रुपये. चाळीस हजार भाडं आणि सव्वा लाखाच्या आसपास अनामत धरली, तर तीन वर्षांचा खर्च पाच हजारांच्या आत बसतो. अकरा महिन्यांचे तीन करार करायचे तर सहा हजारांच्या वर, दलाली वेगळीच.

भाडेकरू घर सोडणारच नाही, ही मालकांची भीती खोटी नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली आणि गिरगाव-दादरच्या पागडीच्या घरांत काय झालं, ते त्यांनी घरच्यांच्या तोंडून ऐकलेलं असतं. पण याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट भाड्याने भरपाईही मागता येते. हे ठाऊक नसल्यामुळेही कित्येक जण घराला कुलूप घालून मोकळे होतात. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती.

आमच्या उत्तर प्रदेशात २०२१ च्या कायद्याने राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती बांधून दिली आहे. महाराष्ट्रात तशी मर्यादा नाही. ती यावी, आणि तिच्याबरोबर कुटुंबासाठी किमान तीन वर्षांची मुदतही यावी.

भाचीने परवा मालकांपुढे ३६ महिन्यांचा मसुदा ठेवला: दरवर्षी पाच टक्के वाढ, पहिली दोन वर्षं दोघांवरही बंधनकारक, पुढे दोन महिन्यांची नोटीस. मालक म्हणाले, मुलाशी बोलून सांगतो.