चारचौघांत

शेक्सपिअरचे 'मच अडू अबाउट नथिंग' हे नाटक सुखात्मिका म्हणून शिकवले जाते आणि डॉगबेरीच्या उलट्यासुलट्या शब्दांवर सारा वर्ग हसतो. हसावेच. पण चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशापाशी माझे हसू जे थांबते, ते पुढे पुरतेपणी परत येत नाही.

या नाटकात हीरो हे मुलीचे नाव आहे. (चित्रपटांतल्या हीरोशी तिचे काही नाते नाही, बिचारीच्या वाट्याला वाक्येही थोडीच आली आहेत.) लग्न लागायच्या वेळी क्लॉडिओ तिला भर चर्चमध्ये कुलटा ठरवून बापाच्या पदरात परत टाकतो. पुरावा काय, तर आदल्या रात्री खिडकीत दुरून दिसलेली एक बाई. ती हीरो नव्हेच, दासी मार्गारेट. आणि सारा बनाव डॉन जॉनचा.

फसगत कोणाचीही होते. पण क्लॉडिओला तेवढ्यावर सोडून द्यायला मी तयार नाही. खिडकीकडे जाण्याआधीच त्याने ठरवून टाकलेले असते की, आरोप खरा निघाला तर जिथे लग्न लागायचे तिथेच, जमलेल्या लोकांदेखत, हिची अब्रू घ्यायची. आधी तिलाच एकांतात विचारावे, हे त्याला सुचतच नाही.

हे कथानक शेक्सपिअरने मुख्यतः बांदेल्लो या इटालियन लेखकाकडून घेतले. बांदेल्लोची ती कथा १५५४ साली छापली गेली. तिच्यात वर माणूस पाठवून लग्न मोडतो. आणि मुलीचा बाप आरोपावर विश्वास ठेवत नाही. आपली गरिबी पाहून जावयाने हे निमित्त काढले, असे त्याला वाटते. शेक्सपिअरने दोन्ही गोष्टी बदलल्या. निरोपाच्या जागी भरलेले चर्च आले, आणि विश्वासू बापाच्या जागी आला पोटच्या मुलीचे मरण मागणारा लिओनाटो. माझ्या मते हे दोन बदल वेगळे नाहीत. घरात निरोप ऐकणारा बाप विचार करू शकतो. चारचौघांत उभा असलेला बाप आधी चारचौघांकडे पाहतो. मुलगी बेशुद्ध पडली आहे आणि लिओनाटोच्या भाषणात 'माझी, माझी' असा घोष चालला आहे! एवढे मोठे राजपुत्र खोटे कसे बोलतील, हा त्याचा युक्तिवाद.

आता बिआट्रिस पाहा. तिच्याजवळ पुरावा नाही. उलट, वर्षभर हीरोच्या शेजारी झोपणारी ती नेमकी त्याच रात्री तिथे नव्हती, आणि हे ती प्रामाणिकपणे सांगून टाकते. तरी तिचा निकाल ठाम आहे : माझ्या बहिणीवर आळ आला आहे. थोड्याच वेळात, त्याच चर्चमध्ये, ती आणि बेनेडिक एकमेकांजवळ प्रेमाची कबुली देतात आणि ती त्याला क्लॉडिओचा जीव घ्यायला सांगते. ही मागणी अनेकांना अतिरेकी वाटते. मला वाटत नाही. बेनेडिक आधी नाही म्हणतो, पण अखेर तिला एकच प्रश्न विचारतो : हीरोवर अन्याय झाला असे तुझा जीव तुला सांगतो का? ती होय म्हणते आणि तो मित्राला आव्हान द्यायला निघतो. क्लॉडिओने डोळ्यांवर विश्वास ठेवला, याने माणसावर.

शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. बदनामी लग्नाच्या गर्दीत झाली. प्रायश्चित्त रात्री, रिकाम्या थडग्यापाशी, तीनचार मेणबत्तीवाल्यांसमोर. हीरो निर्दोष होती हे साऱ्या मेसिनाला सांगण्याची अट लिओनाटो घालतो खरी, पण ते सांगणे रंगमंचावर कुठे दिसत नाही. आणि स्वतः लिओनाटो? तो मुलीची क्षमा मागत नाही. बुरखा दूर होतो, लग्न ठरते, नाच सुरू होतो.

त्या नाचात हीरोने कोणाकडे पाहावे, हे संहितेत लिहिलेले नाही. मी दिग्दर्शक असते तर तिला बिआट्रिसच्या शेजारी उभी केली असती.