रिपेअर मारण्याआधी

मार्च उजाडला की हेल्पडेस्कवर एक ठरावीक तक्रार वाढते. वर्षअखेरीचे अहवाल पीडीएफमध्ये असतात, बैठकीचे सादरीकरण पॉवरपॉइंटमध्ये करायचे असते आणि वेळ कोणाकडेच नसतो. रीडरमधला परिच्छेद निवडला, ओढत स्लाइडवर आणला, सोडला. काहीच झाले नाही. कॉल लागतो, ‘ड्रॅग होत नाही’ अशी नोंद होते, आपला माणूस रिमोट घेतो. मग ऑफिसला क्विक रिपेअर, त्याने भागले नाही तर ऑनलाइन रिपेअर, तेही फुकट गेले तर रीडर काढून पुन्हा टाकायचा. दुपार गेलेली असते आणि परिच्छेद होता तिथेच असतो. या कामात रिपेअरची खरी गरज फार क्वचित लागते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विंडोजवरची ओढून टाकण्याची यंत्रणा ओएलई २ सोबत १९९३ साली आली. योगायोग असा, की पीडीएफ आणि ॲक्रोबॅटही त्याच वर्षीचे. दोन्हीकडची सॉफ्टवेअर तेव्हापासून पार बदलली, मधला व्यवहार मात्र तोच राहिला. माउसचे बटण दाबून आपण मजकूर ओढतो तेव्हा खरे तर मजकूर जागचा हलत नाही. देणारा प्रोग्रॅम एक डेटा ऑब्जेक्ट पुढे करतो आणि पंगतीतल्या वाढप्यासारखा आपल्याजवळ काय काय आहे ते सांगतो: साधा मजकूर आहे, आरटीएफ आहे, बिटमॅप आहे, मेटाफाइल आहे, फाइलचा पत्ता आहे. कर्सर ज्या खिडकीवरून जातो तिला विचारले जाते, यातले काही चालेल का? तिचे उत्तर कर्सरवर उमटते. अधिकचे चिन्ह म्हणजे प्रत होणार, वाकडा बाण म्हणजे दुवा जोडला जाणार आणि आडवी रेघ मारलेला गोल म्हणजे नकार.

म्हणून रिमोट घेतल्यावर पहिले काम कर्सर बघण्याचे. वापरकर्त्याला ओढायला सांगा, पण बटण सोडू देऊ नका. गोल चिन्ह पॉवरपॉइंटच्या खिडकीवर आल्यावर उमटते की रीडरमधून निघतानाच कर्सर बदलत नाही? ओढणे सुरूच होत नसेल तर पॉवरपॉइंटला हात लावण्याचे कारण उरत नाही. अशा वेळी बहुधा ॲक्रोबॅट रीडरमध्ये हाताचे टूल चालू असते आणि वापरकर्ता मजकुराऐवजी पानच वरखाली सरकवत असतो. निवडीचे टूल घेतले की कॉल बंद. निवडच होत नसेल तर पान स्कॅन केलेले आहे का ते बघा. अख्खे पान म्हणजे एकच चित्र असेल तर त्यातून ओढायला मजकूर येणार कुठून? निवड होते पण कॉपीसुद्धा होत नाही, असे असेल तर डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमधली सिक्युरिटीची टॅब उघडा. तिथे ‘कंटेंट कॉपिंग’पुढे ‘नॉट अलाउड’ लिहिलेले असेल तर तो बिघाड नाही, फाइल बनवणाऱ्याचा निर्णय आहे. ऑक्युलरसारखे काही व्ह्यूअर ही बंधने पाळायची की नाही हे सेटिंगवर सोडतात हे खरे. पण ते सेटिंग बदलण्याआधी फाइल कोणाची आहे हे विचारायला एक फोन पुरतो.

दुसरी चाचणी याहून उपयोगी आणि तितकीच सोपी. तोच मजकूर रीडरमध्ये कॉपी करा, पॉवरपॉइंटमध्ये जाऊन कंट्रोल-ऑल्ट-व्ही दाबा. पेस्ट स्पेशलची जी चौकट उघडते तिच्यात देणाऱ्याने पुढे केलेल्यांपैकी पॉवरपॉइंटला कोणती स्वरूपे चालतात ते दिसते. क्लिपबोर्ड आणि ड्रॅग दोघेही एकाच प्रकारचे डेटा ऑब्जेक्ट वापरतात, त्यामुळे ही यादी वाचली की मालाबद्दलची शंका बरीचशी मिटते. पेस्ट होते पण ओढून पडत नाही, म्हणजे माल ठीक आहे, अडचण वाटेत किंवा दारात आहे. मग तोच मजकूर वर्डमध्ये ओढून बघा. (पूर्वी यासाठी वर्डपॅड हाताशी असे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तो गेला, आणि आमच्यासारख्यांना त्याची चुटपुट लागली.) वर्डमध्ये पडला आणि पॉवरपॉइंटमध्ये नाही, तर दार पॉवरपॉइंटचेच बंद आहे. वर्डमध्येही पडला नाही, तर तो व्ह्यूअर मजकूर ओढू देतच नसण्याची शक्यता धरा. तसे व्ह्यूअर आहेत, आणि त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

पॉवरपॉइंटचे दार दोन कारणांनी बंद असते. एक साधे आहे: सादरीकरण मेलमधून आलेले असते आणि प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडलेले असते. वरची पिवळी पट्टी आपल्याला दिसते, वापरकर्त्याला तिची इतकी सवय झालेली असते की दिसतच नाही. फाइल ओळखीच्या माणसाकडून आली आहे याची खात्री करून ‘एनेबल एडिटिंग’ दाबायला सांगा.

दुसरे कारण बरेचदा आपल्याच मंडळींनी करून ठेवलेले असते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. कुठल्याशा जुन्या ॲड-इनच्या भानगडीत कोणीतरी पॉवरपॉइंटच्या शॉर्टकटवर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ची खूण करून ठेवतो. ॲड-इन चालते, कॉल बंद होतो, खूण तशीच राहते. विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक प्रक्रियेला विश्वासाची पातळी असते आणि खालच्या पातळीवरची प्रक्रिया वरच्या पातळीवरच्या खिडकीशी मनमोकळा व्यवहार करू शकत नाही. एक्सप्लोरर आणि रीडर साध्या पातळीवर, पॉवरपॉइंट ॲडमिनच्या. ओढलेली प्रत्येक गोष्ट उंबरठ्यावर अडते. कॉपी-पेस्ट मात्र चालते. त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो आणि संशय भलतीकडेच जातो. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये ‘एलिव्हेटेड’ हा स्तंभ चालू करा. पॉवरपॉइंटपुढे ‘येस’ दिसले की चोर सापडला. उलटा प्रयोगही आम्ही पाहिला आहे: ड्रॅग होत नाही म्हणून उपाय म्हणून पॉवरपॉइंट ॲडमिनने चालवले गेले, आणि जे थोडेफार पडत होते तेही बंद झाले.

रीडरच्या बाजूचा प्रोटेक्टेड मोडही याच घराण्यातला. ॲडोब रीडर टेनसोबत तो २०१० मध्ये आला. पीडीएफ उघडणारी प्रक्रिया त्यात मुद्दाम कमी अधिकारांच्या पिंजऱ्यात ठेवलेली असते. संशय असेल तर चाचणीपुरता तो बंद करा, बघा, आणि निघण्याआधी पुन्हा चालू करा. तो कायमचा बंद ठेवून कॉल मिटवणारा तंत्रज्ञ एका परिच्छेदासाठी अख्खे मशीन उघडे टाकतो.

आता खास आपल्याकडचे दुखणे. समजा ओढणे व्यवस्थित झाले, मजकूर स्लाइडवर पडला आणि ‘कार्यालय’ या शब्दाच्या जागी ‘कायार्लय’ उमटले. ‘किती’ची वेलांटी क सोडून आधीच येऊन बसली. तंत्रज्ञ फाँट बदलून बघतो, भाषा बदलून बघतो. पण पीडीएफच्या पानावर अक्षरांच्या आकृत्या दिसतात त्या क्रमाने मांडलेल्या असतात. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून आधी, रफार शेवटी दिसतो म्हणून शेवटी. फाइल बनवताना आकृतीवरून युनिकोडकडे नेणारा तक्ता नीट जोडला असेल तर थोडेफार सावरते. जोडला नसेल तर ड्रॅग आणि पेस्ट दोन्हीकडे तेच भजे मिळते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत अक्षरजुळणी झाली असेल तर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडीच पदरात पडते. पॉवरपॉइंटकडे यावर औषध नाही. मूळ वर्ड फाइल मागवा. ती नसेल तर टेसरॅक्टसारख्या मराठी वाचणाऱ्या ओसीआरमधून पान काढा आणि मग एकदा डोळ्याखालून घाला. मजकूर बदलायचाच नसेल तर स्नॅपशॉट घेऊन चित्र म्हणून लावा, मात्र आधी पान मोठे करून घ्या, नाहीतर सभागृहाच्या पडद्यावर आकडे फुटतात.

अख्खी पीडीएफ फाइलच स्लाइडवर ओढणाऱ्यांना काय मिळेल हे आधी सांगून ठेवलेले बरे. विंडोजवर पॉवरपॉइंट तिची पाने उलगडत नाही. जमले तर फाइल ऑब्जेक्ट म्हणून आत बसवते. मॅकवर तीच फाइल पहिल्या पानाचे चित्र होऊन बसते, कारण तिथे पीडीएफ हे चित्राचेच एक स्वरूप मानले जाते. मॅकच्या तक्रारी म्हणूनच कमी येतात. लिनक्सवर फ्लॅटपॅकमध्ये बंद केलेला प्रोग्रॅम असेल तर फाइलचा पत्ता त्याच्या पिंजऱ्याबाहेरचा ठरतो. तो पोहोचवण्यासाठी वेगळे पोर्टल आहे, पण दोन्हीकडच्या प्रोग्रॅमांनी ते वापरायला हवे.

काही कॉल बिघाडाचे नसतातच. विंडोजच्या नेहमीच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये इकडच्या खिडकीतून तिकडच्या खिडकीत ओढण्याची सोयच नाही, तिथे कॉपी-पेस्टच. तेही अडले तर दूरच्या मशीनवर आरडीपीक्लिप ही प्रक्रिया बंद करून पुन्हा चालू करा. २०२१ च्या ऑक्टोबरात विंडोज ११ आले तेव्हा फाइल ओढत टास्कबारवरच्या चिन्हावर नेऊन खिडकी वर आणण्याची सोयही काढलेली होती. २०२२ च्या २२एच२ आवृत्तीत ती परत आली. पहिलीच आवृत्ती धरून बसलेली मशीन अजून भेटतात.

आणि ओढता ओढता वस्तू मध्येच, भलत्याच जागी सुटत असेल, कधी होते कधी होत नाही असे असेल, तर सेटिंगे उघडण्याआधी शेजारच्या टेबलावरचा माउस मागून लावा. बटणाखालचा स्विच झिजला की तो दाबलेला असतानाच क्षणभर सुटतो आणि विंडोजला वाटते, वापरकर्त्याने सोडले. एप्रिलपासून आमच्या ‘कॉल नोंदवही’ या सदरासाठी अनुभव पाठवताना कर्सरवर कोणते चिन्ह होते, पेस्ट स्पेशलमध्ये काय दिसले आणि कोणता प्रोग्रॅम ॲडमिनने चालू होता, एवढे जरूर लिहा. नुसते ‘रिपेअर केल्यावर चालू झाले’ असे आलेले अनुभव आम्ही छापणार नाही.